खूण परत द्यायची

आमच्या प्रेसखात्यात मला भोंगा म्हणतात आणि माझ्या नणंदेला रेडिओ. मी एकदा ओरडले की पलीकडच्या शेडमधला माणूससुद्धा हातातलं काम टाकून उभा राहतो, म्हणून मी भोंगा. ती दिवसभर काहीबाही गुणगुणत असते, म्हणून ती रेडिओ. प्रेसच्या धाडधाडीत ते गाणं कुणालाच ऐकू जात नाही, तिला स्वतःलाही नाही, पण ओठ हलत असतात. पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडतो आम्ही. एका रांगेत सगळ्या प्रेस, प्रत्येकीवर दोन माणसं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर सुपरवायझर म्हणून मी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत, प्रेस बंद असताना, मी रेडिओला म्हणाले, "पाण्याची बाटली इकडे सरकव."

"काय?" ती म्हणाली.

मी परत सांगितलं, भोंग्याच्याच आवाजात. तर म्हणते, "काय म्हणालीस, वहिनी?"

माझंही असंच सुरू झालं होतं. आधी प्रेस थांबल्यावर तासभर नुसतं 'काय?', मग हसून मान हलवणं, मग समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बसणं. आता घरातलं माणूस समोर बसून बोललं तर मला कळतं, पाठीमागून बोललं तर ते भिंतीशी बोललं. हे माझा नवरा, माझी लेक आणि रेडिओ सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या एका जुन्या कारागिराला ऐकू येत नाही असं कळल्यावर धाकट्या मालकांनी त्याला त्याच दिवशी पॅकिंगला बसवलं होतं. सुरक्षेचं कारण, म्हणे. हिऱ्यासारखा माणूस, खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता निवृत्त झाला.

मग बहिरी बाई प्रेसखातं सांभाळते कशी? पायांनी. प्रेसमधला साचा तडकायच्या आधी तिचा ठोका बदलतो. बाकीच्यांना ते कानाला कळतं, मला जमिनीतून तळव्यांना कळतं. म्हणून माझे बूट पातळ तळाचे. लोकांना वाटतं, बाई कंजूष आहे, नवे बूट घेत नाही. वाटू दे.

माझे कान गेले ते गेले. त्यांचं मी रडगाणं गात बसले नव्हते. पण रेडिओचे कान जाऊ द्यायचे नाहीत, हे मी त्या बाटलीपाशीच ठरवलं. रागाने उरलेला डबा तसाच बंद केला.

उपाय काही आकाशातून आणायचा नव्हता. प्रत्येक प्रेसभोवती जाड अस्तराची पेटी, तिला काचेची खिडकी, आणि प्रेसच्या पायांखाली रबराची गादी. दुसऱ्या एका कारखान्यात मी ते स्वतः बघून आले होते. तिथली माणसं यंत्र चालू असताना एकमेकांशी बोलत होती. भांडतही होती. मला हेवा वाटला.

अडचण एकच होती. बँक त्या वर्षी एकाच कामासाठी कर्ज द्यायला तयार होती, आणि धाकट्या मालकांना त्यातून रस्त्याच्या बाजूला काचेचं शोरूम बांधायचं होतं. झाकणांचं शोरूम. झाकण बघायला कोण येणार, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन पेट्यांचं सांगितलं तर म्हणाले, "कानात बोळे घाला की." बोळे घातले तर तडकणारा साचा ऐकू येत नाही, हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी त्यांच्या भावाकडे, थोरल्या मालकांकडे गेले. ते म्हणाले, "बघू."

थोरले मालक सगळ्यांनाच 'बघू' म्हणायचे. पगारवाढ मागा, बघू. छप्पर गळतंय सांगा, बघू. त्यांच्या 'बघू'त फार खोल डावपेच असतात अशी त्यांची ख्याती होती. एके काळी पहिली प्रेस त्यांनी स्वतः चालवली होती. आमच्या सगळ्या खुणा त्यांच्याच. आवळलेली मूठ म्हणजे थांब. पंजा गोल फिरवला की चालू. मनगटावर टिचकी म्हणजे किती वेळ. आणि त्यांचाच नियम, की समोरच्याने दिलेली खूण जशीच्या तशी परत द्यायची. खूण परत आली नाही तर खूण पोचली नाही, आणि पोचली नाही तर प्रेसला हात लावायचा नाही. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे. ती गेली त्या दिवसापासून हा नियम. माझ्या हातात तो इतका मुरलाय की घरात नवऱ्याने दुरून 'चहा?' अशी खूण केली तरी मी तीच खूण परत करते आणि मग दोघंही चहाची वाट बघत बसतो.

शेवटी मी धाकट्या मालकांच्या केबिनच्या दारातच उभी राहिले आणि माझ्या साध्या आवाजात म्हणाले की बँकेची माणसं येतील तेव्हा मलाही बोलायचंय. साधा आवाज म्हणजे गेटवरच्या रखवालदारापर्यंत पोचला. त्यांनी हात जोडले आणि हो म्हणाले.

घरी लेकीने कपाळाला हात लावला. ती ऑफिसात काम करते, तिचा दिवस असली सादरीकरणं करण्यातच जातो. "आई, तिथे स्टेकहोल्डर असणार. भाषण नाही ठोकायचं."

"ते कोण?"

"ज्यांचं ज्यांचं त्यात काही अडकलेलं असतं ते सगळे. मालकांचा धंदा, बँकेचं कर्ज, गिऱ्हाईक कंपनीचा माल."

"आणि रेडिओचे कान?"

"तेही. पण ते तू पडद्यावर दाखवायचंस, ओरडून नाही."

मग आमच्या स्वयंपाकघरात तालमी सुरू झाल्या. लेक लॅपटॉप घेऊन ओट्यापाशी, नवरा पोटावर उशी बांधून धाकटे मालक, आणि रेडिओ बँकेच्या बाई. मी पहिलं वाक्य बोलले आणि लेक म्हणाली, "आई, समोर माणसं आहेत, प्रेस नाहीत." आवाज किती निघतोय ते मला कळत नव्हतं. तिने माझा पंजा माझ्याच छातीवर ठेवला. हाताला गुरगुर लागली तर ठीक, थरथर लागली तर जास्त. पुढचे कितीतरी दिवस मी भाजी चिरतानाही छातीवर हात ठेवून कर्जाचे हप्ते बडबडत होते. शेजारणीने माझ्या नवऱ्याला विचारलं की वहिनींच्या छातीत दुखतं का.

पडद्यावरची पानं लेकीने कमी कमी करत आणली. मी सगळं कोंबायला बघायची, ती काढून टाकायची. "नमनालाच घडाभर तेल नको," म्हणाली, आणि माझी प्रस्तावना उडवली. साचे किती मोडतात ते राहिलं. पेट्यांचा खर्च राहिला. आणि एक पान मी हट्टाने ठेवलं. एका कानाच्या डॉक्टरांना मी खात्यात आणलं होतं, त्यांनी यंत्र लावून सगळ्यांचे कान तपासले होते. नावं न घालता, प्रत्येकाच्या कानाची एक रेघ. चांगल्या कानाची रेघ वर, बिघडलेल्या कानाची खाली. तळाशी, बाकी सगळ्यांपासून लांब, एक रेघ एकटीच होती. ती कुणाची हे मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. लेकीला न सांगता कळलं. ती उगीचच लॅपटॉपचा पडदा पुसत बसली.

"प्रश्न विचारले तर ऐकणार कशी?" तिने विचारलं.

इथेच आमचं घोडं पेंड खात होतं. अनोळखी माणूस, टेबलाच्या पलीकडे, तोंडासमोर हात धरून बोलणार, मला काय कपाळ कळणार? तोड रेडिओने काढली. कामगारांतर्फे तिला भिंतीपाशी बसता येणार होतं, सगळ्यांच्या पाठीमागे. ती मला खुणांनी प्रश्न सांगेल. पैशाची, वेळेची, थांबण्याची खूण आमच्याकडे होतीच. डोळ्यांभोवती बोटं म्हणजे चष्म्यावरून बँकेच्या बाई. पोटावर गोल हात म्हणजे धाकटे मालक. ही शेवटची खूण खात्यात फार जुनी आहे, ते येताना दिसले की सगळी रांग पोट चोळते.

पण तालमीत तिने खूण केली की माझाही हात वर जायचा. खूण परत द्यायची, दुसरं काय? मी सतरांदा स्वतःला दटावलं, तरी हात ऐकेना. शेवटी लेकीने माझ्या उजव्या हातात रिमोट दिला आणि डाव्या हातात पट्टी. "ही दोन्ही खाली ठेवायची नाहीत. काही झालं तरी."

"आणि उघडकीला आलं तर?" रेडिओने विचारलं. "पॅकिंगला बसवतील तुला. पेट्या राहिल्या बाजूला."

"म्हणून तर उघडकीला येऊ द्यायचं नाही," मी म्हणाले. मी गेले तर पेट्यांचा पाठपुरावा करायला दुसरं कुणी नव्हतं. बाकीच्यांनी विषय कधीच सोडून दिला होता.

त्या दिवशी बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पडदा, पाण्याचे ग्लास. धाकटे मालक आणि बँकेच्या बाई पडद्याकडे तोंड करून, त्यांच्या शेजारी गिऱ्हाईक कंपनीचा माणूस, पुढ्यात वही. थोरले मालक नेहमीप्रमाणे टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी, माझ्यापासून दोन हातांवर. रेडिओ मागच्या भिंतीला टेकून, साडी नीट चापूनचोपून, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

मी बोलले. छातीला हात लावता येत नव्हता, पण गुरगुर आणि थरथर यांतला फरक आता घशालाच कळत होता. साचे कसे मोडतात ते सांगितलं. पेटीमुळे नेमका कोणता आवाज आत राहतो आणि तडकणाऱ्या साच्याचा आवाज खिडकीपाशी कसा ऐकू येतो ते सांगितलं. गिऱ्हाईक कंपनीच्या माणसाने लिहून घ्यायला सुरुवात केली. बँकेच्या बाईंनी विचारलं, रेडिओने डोळ्यांभोवती बोटं नेली, अंगठा चोळला, मनगटावर टिचकी मारली. खर्च किती दिवसांत भरून निघणार? मी पट्टी घट्ट धरली आणि उत्तर दिलं. बाईंनी मान डोलावली. माझ्यात दहा हत्तींचं बळ आलं.

मग आलं रेघांचं पान. आणि त्याच वेळी मला रबराच्या गादीचा तुकडा सगळ्यांच्या हातात द्यायचा होता. हातात दिल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. मी रिमोट आणि पट्टी टेबलावर ठेवली, पिशवीतून तुकडा काढला आणि थोरल्या मालकांकडे दिला. त्यांनी तो दाबून बघितला आणि पुढे सरकवला.

धाकटे मालक पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. मला दिसलं ते एवढंच, की त्यांच्या कपाळाला आठ्या आहेत. मी भिंतीकडे बघितलं. रेडिओने पोटावर गोल हात फिरवला, करंगळी खाली दाखवली, मग पंजा उताणा केला. धाकटे मालक विचारतायत, खालचा कोण?

आणि माझे हात मोकळे होते.

मी धाकट्या मालकांच्या तोंडावर, त्यांच्याकडे बघत, माझ्या पोटावरून गोल हात फिरवला, करंगळी खाली केली आणि पंजा उताणा केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धाकट्या मालकांनी सावकाश मागे वळून बघितलं. रेडिओचा पंजा अजून उताणाच होता. बँकेच्या बाईंनीही बघितलं. सगळं संपलं होतं. पण तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला काहीतरी हललं. थोरले मालक माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात त्यांच्या पोटावरून गोल फिरला, अर्धी करंगळी खाली गेली, पंजा उताणा झाला. खूण परत आली होती.

धाकटे मालक त्यांना काहीतरी म्हणाले. थोरले माझ्याकडेच बघत राहिले. धाकटे परत म्हणाले, आता मानेची शीर ताणून. त्यांचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. "दादा." थोरल्यांनी मान वळवली नाही. दोन हातांवरून सख्खा भाऊ हाक मारत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

त्या 'बघू'चा अर्थ मला तेव्हा कळला. खोलीतल्या सगळ्यांनाच कळला. धाकट्या मालकांचा चेहरा असा उतरला की मला त्यांची पहिल्यांदा दया आली. इतकी वर्षं भाऊ आपलं ऐकून न ऐकल्यासारखं करतो म्हणून ते चिडत आले होते.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. काहीतरी थाप मारायची, नाहीतर बोलायचं. मी पट्टी उचलली आणि तळाच्या रेघेवर ठेवली.

"ही माझी," मी म्हणाले. "तुमचे प्रश्न मला ऐकू येत नाहीत. ती बाई मागून सांगत होती. साचा तडकतो ते मला पायांना कळतं, म्हणून आजवर चाललं. ही गादी बसली की तेही कळणार नाही. तेव्हा मला खुशाल खात्यातून काढा, पण गादी बसवा. ही वरची रेघ मागे बसलेल्या बाईची आहे. अजून वर आहे. दोन वर्षांनी परत रेघा काढल्या तर ती कुठे असेल, ते तुमच्या शोरूमच्या काचेत दिसणार नाही." माझा घसा थरथरत होता, म्हणजे मी नक्कीच ओरडत होते. लेकीची शिकवण त्या क्षणी पाण्यात गेली. जाऊ दे.

कुणी काही बोललं असेल तर मला माहीत नाही. थोरले मालक खुर्चीचा हात धरून उठले. पडद्यापाशी गेले. माझी रेघ जिथे संपत होती तिच्याही खाली, पार पानाच्या काठाला, त्यांनी बोट टेकवलं आणि ते डावीकडून उजवीकडे ओढत नेलं. मग माझ्याकडे तोंड करून, मला दिसेल असं, म्हणाले, "ही माझी."

धाकट्या मालकांनी डोळे खाली केले. ते समोरचा रबराचा तुकडा अंगठ्याने दाबत बसले. मग उठून भावाच्या समोर जाऊन उभे राहिले, अगदी समोर, आणि विचारलं, "काय करायचं, दादा?"

थोरल्यांनी उत्तर त्यांना दिलं नाही, मला दिलं. उजवा पंजा वर केला आणि गोल फिरवला. चालू कर.

ते थांबले. मला उमगेना, कशासाठी थांबलेत. मग आठवलं. मी पंजा वर केला आणि गोल फिरवला. धाकट्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं आणि त्यांनीही हात वर केला. त्यांना खुणा येतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

बँकेच्या बाईंनी काहीतरी विचारलं. या वेळी रेडिओची वाट न बघता मी त्यांना म्हणाले, "परत विचारा, तोंडावरचा हात काढून." त्यांनी हात काढला. "म्हणजे नक्की काय ठरलं?"

"खूण पोचली," मी म्हणाले.

शोरूमचं काम पुढे ढकललं. पहिली पेटी रेडिओच्या प्रेसवर बसवायची हे मी ठरवलं, आणि त्यात वशिला आहे असं कुणी म्हणालं असेल तर मला ऐकू आलं नाही. मला पॅकिंगला पाठवलं नाही. तडकणारा साचा ऐकायचं काम रेडिओकडे गेलं, माणसं आणि माल माझ्याकडे राहिला. धाकटे मालक आता मला काही सांगायचं असलं की समोर येऊन उभे राहतात आणि शब्द इतके सावकाश बोलतात की मला अजूनच राग येतो.

पेटी बसली त्या दिवशी मी प्रेसपाशी उभी राहिले. रेडिओने खूण केली, मी परत दिली, तिने प्रेस चालू केली. खिडकीतून ठोका वरखाली होताना दिसत होता. तळव्यांना काहीच लागेना. इतक्या वर्षांची सोबत गेल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत पाणी आलं. मी बुटाने जमीन उगीच दोनतीनदा ठोकून बघितली.

मग रेडिओकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, नेहमीसारखेच. आणि तिच्या जोडीला काम करणारी बाई, जिने इतकी वर्षं तिच्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, ती हातातला पत्रा तसाच धरून थांबली होती. पुढच्या माणसाने मान वळवली. त्याच्या पुढच्यानेही. त्यांच्या प्रेस थांबलेल्याच होत्या, पेट्यांची वाट बघत. पण रेडिओची चालू होती, जोरात चालू होती, आणि सगळे तिच्याकडे कान देऊन उभे होते.

मी ओरडले नाही. कामाच्या वेळेत सगळं खातं रिकामं उभं, आणि भोंगा गप्प. तिचं गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत.